लहान मंडळीतल्या नव्या पाळकाचं शैक्षणिक कर्ज : मदत कुठे लागते आणि कुठे वाया जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये), नव्वदच्या आसपास सभासद, नुकत्याच दीक्षित झालेल्या पाळकांना पाचारण दिलं आहे, म्हणजे सेवेसाठी बोलावलं आहे. त्यांच्यावर सेमिनरीचं (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचं) आणि त्याआधीच्या कॉलेजचं मिळून सुमारे ४०,००० डॉलरचं कर्ज आहे. मंडळीला मदत करायची मनापासून इच्छा आहे. काहींचं म्हणणं, एखाद्या रविवारी खास अर्पण घ्यावं. काहींचं, पगार वाढवावा. खजिनदारांचं म्हणणं, कर्जदात्या कंपनीला मंडळीने थेट चेक पाठवावा. यातलं योग्य काय?

उत्तर देण्याआधी एक गोष्ट ठाम सांगायला हवी. पैसे गोळा करायला लागण्यापूर्वी ते कर्ज कोणत्या जातीचं आहे आणि पाळक ते कोणत्या वाटेने संपवणार आहेत, हे ठरलं पाहिजे. एका वाटेवर मंडळीचा प्रत्येक डॉलर पाळकांचं ओझं खरोखर हलकं करतो. दुसऱ्या वाटेवर तोच डॉलर सरळ सरकारी तिजोरीत जातो, कारण ती रक्कम सरकार पुढे माफच करणार असतं. चांगल्या मनाच्या मंडळ्या नेमक्या इथे चुकतात.

आधी कर्जाची यादी

पाळकांनी स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर लॉग इन करून आपल्या प्रत्येक कर्जाचा तपशील उतरवून घ्यावा : प्रकार, शिल्लक मुद्दल, व्याजदर, हप्ता गोळा करणारी कंपनी, सध्याची परतफेड योजना. खाजगी बँकेची कर्जं तिथे दिसत नाहीत; ती क्रेडिट रिपोर्टमधून शोधावी लागतात. 'डायरेक्ट' प्रकारचं केंद्रीय कर्ज, जुनं 'एफएफईएल' किंवा 'पर्किन्स' कर्ज आणि खाजगी कर्ज यांचे वेगवेगळे गट करावेत, कारण माफीचे नियम फक्त पहिल्या गटाला सरळ लागू होतात.

व्याजदरावर खास लक्ष ठेवा. पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या डायरेक्ट कर्जाचा दर २०२४-२५ साली ८.०८ टक्के आणि २०२५-२६ साली ७.९४ टक्के होता. मास्टर ऑफ डिव्हिनिटी हा पाळकपदासाठीचा सहसा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे तीन वर्षांची तीन कर्जं आणि तिन्हींचे दर वेगळे. शिवाय पदव्युत्तर कर्जावर शिकत असतानाच व्याज चढत राहतं. त्यामुळे पदवी हातात पडते तेव्हा शिल्लक ही उचललेल्या रकमेपेक्षा जास्त असते, आणि मंडळीला सांगताना पाळक बरेचदा जुना, लहान आकडा सांगतात. मुद्दाम नव्हे, त्यांनाही तोच आठवत असतो.

ही यादी अख्ख्या कमिटीपुढे ठेवू नका. खजिनदार आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपैकी (एल्डर) आणखी एक विश्वासू, एवढ्यांनाच आकडे माहीत असले की पुरे. ज्यांना उपदेश ऐकवायचा त्यांच्यासमोर पाळकांची घरची देणी मांडली जाणं त्यांच्या सेवेला बाधक ठरतं. सभेपुढे फक्त योजना आणि वार्षिक रक्कम जावी.

दोन वाटा

पहिली वाट : सार्वजनिक सेवेसाठीची कर्जमाफी, म्हणजे पब्लिक सर्व्हिस लोन फरगिव्हनेस. सगळे तिला पीएसएलएफच म्हणतात. २००७ च्या कायद्याने ती आली. सरकारी किंवा करमुक्त धर्मादाय संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत १२० पात्र मासिक हप्ते भरले की डायरेक्ट कर्जाची उरलेली सगळी रक्कम माफ होते, आणि त्या माफीवर केंद्रीय आयकर लागत नाही. हप्ते सलग असण्याची गरज नाही, आणि सगळे एकाच मंडळीत भरण्याचीही नाही.

पाळकांच्या बाबतीत इथे एक जुना गैरसमज घट्ट बसला आहे. पूर्वीच्या नियमात उपासना चालवणं, धर्मशिक्षण देणं, सुवार्ताप्रसार करणं यांत गेलेला वेळ पूर्णवेळ नोकरीच्या तासांत धरला जात नसे. त्यामुळे 'पाळकांना पीएसएलएफ नाही' असं सेमिनऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तो नियम बदलला. १ जुलै २०२१ पासून हे तासही धरले जातात. आजही अनेक पाळक, आणि त्यांना सल्ला देणारे, जुन्याच समजुतीवर चालतात. तुमच्या पाळकांनी अर्ज केला नसेल, तर बहुधा याच कारणाने.

दुसरी वाट : कर्ज लवकरात लवकर फेडून टाकणं. खाजगी कर्ज असेल, शिल्लक लहान असेल, किंवा पाळक आठवड्याला ३० तासांपेक्षा कमी काम करत असतील आणि दुसरी पात्र नोकरी नसेल, तर हीच वाट.

आकडे मांडून पाहू

समजा पाळकांना एकूण ४८,००० डॉलर मिळतात : २८,००० रोख पगार आणि २०,००० निवासभत्ता. कर्ज ४०,००० डॉलर, व्याज ८ टक्के, घरात एकटेच.

दहा वर्षांच्या ठरावीक हप्त्याने फेडायचं तर महिन्याला सुमारे ४८५ डॉलर. दहा वर्षांत ५८,२०० डॉलर जातात, त्यातले १८,२०० नुसतं व्याज.

आता उत्पन्नावर आधारित हप्ता पाहा. तो ठरतो समायोजित एकूण उत्पन्नावर, म्हणजे एजीआयवर, आणि नियमाप्रमाणे ठरवलेला निवासभत्ता आयकरासाठीच्या उत्पन्नात येतच नाही. पाळकांना सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरचा (सरकारी आरोग्यविमा) कर स्वयंरोजगारी माणसासारखा स्वतः भरावा लागतो, आणि तो मात्र निवासभत्त्यासकट पूर्ण ४८,००० वर आकारला जातो : सुमारे ६,७८० डॉलर. त्यातला निम्मा, ३,३९० डॉलर, एजीआयमधून वजा होतो. तेव्हा एजीआय उरलं सुमारे २४,६०० डॉलर.

१ जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या रिपेमेंट असिस्टन्स प्लॅनमध्ये, म्हणजे आरएपीमध्ये, २०,००० ते ३०,००० डॉलर एजीआयला वर्षाला २ टक्के हप्ता आहे. म्हणजे वर्षाला ४९२, महिन्याला ४१ डॉलर. करपत्रकात दाखवलेल्या प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला ५० डॉलर कमी होतात, पण किमान १० डॉलर भरावेच लागतात. एक मूल असेल तर हप्ता १० डॉलर.

जुन्या कर्जांसाठी आयबीआर, म्हणजे इन्कम-बेस्ड रिपेमेंट, ही उत्पन्नावर आधारित हप्त्याची योजना आहे. १ जुलै २०१४ नंतर पहिल्यांदा कर्ज घेतलेल्यांना तिच्यात दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपेक्षा जास्त असलेल्या उत्पन्नाच्या १० टक्के भरावे लागतात. त्याआधीपासूनच्या कर्जदारांना १५ टक्के. २०२५ ची दारिद्र्यरेषा एकट्या माणसासाठी १५,६५० डॉलर होती, दीडपट २३,४७५. वरच्या पाळकांचा हप्ता जेमतेम १० डॉलर येतो. पत्नी आणि एक मूल असेल आणि घरात दुसरं उत्पन्न नसेल तर शून्य, आणि शून्य हप्त्याचा महिनाही १२० मध्ये मोजला जातो.

आता तुमच्या खजिनदारांच्या सूचनेकडे परत या. वर्षाला ५,००० डॉलरचा चेक थेट कर्ज कंपनीला. पाळक पीएसएलएफच्या वाटेवर असतील, तर दहा वर्षांत त्यांना स्वतःला फार तर ५,००० डॉलर भरावे लागणार होते. पगार वाढला तर थोडे जास्त. त्याच कर्जावर मंडळी ५०,००० डॉलर ओतेल. ते पैसे पाळकांच्या संसाराला लागले नाहीत, सरकारचं येणं मात्र चुकतं झालं.

उलट बाजूने, कर्ज १२,००० डॉलरच असेल तर महिन्याला ४३७.५० डॉलर (हा आकडा कुठून येतो ते पुढे कलम १२७ खाली आहे) टाकून ते तीस-एकतीस महिन्यांत संपतं. इथे दहा वर्षं माफीची वाट बघत बसणं वेडेपणा ठरेल.

मधल्या रकमांना सोपं उत्तर नाही. पती किंवा पत्नीचा पगार चांगला असेल तर एकत्र करपत्रकात एजीआय चढतं आणि हप्ता वाढतो. वेगवेगळी करपत्रकं भरून हप्ता कमी ठेवता येतो, पण तसं केल्यास शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची २,५०० डॉलरपर्यंतची वजावट गमवावी लागते. हा हिशेब दोन्ही प्रकारे मांडूनच निर्णय घ्यावा.

पीएसएलएफ ठरलं तर मंडळीने काय करायचं

पैशापेक्षा कागद नीट ठेवणं ही इथली खरी मदत. त्यात पहिली गोष्ट वर्षअखेरीच्या कर-कागदाची. पाळक आयकरासाठी मंडळीचे नोकर आणि सोशल सिक्युरिटीसाठी स्वयंरोजगारी, असे दुहेरी धरले जातात. 'स्वयंरोजगारी' हा शब्द ऐकून अनेक लहान मंडळ्यांचे खजिनदार त्यांना डब्ल्यू-२ (नोकराच्या पगाराचं पत्रक) ऐवजी १०९९ देतात. १०९९ म्हणजे बाहेरचा कंत्राटदार, आणि कंत्राटदाराला पीएसएलएफ नाही. डब्ल्यू-२ च द्यावा. त्यात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे रकाने रिकामे ठेवावेत आणि निवासभत्ता करपात्र पगाराच्या रकान्यात घालू नये. मागच्या वर्षी चुकून १०९९ दिलं असेल तर ते दुरुस्त करून घ्या. पाच वर्षांनी दुरुस्त करणं फार जड जातं.

दुसरी गोष्ट तासांची. पीएसएलएफसाठी आठवड्याला सरासरी ३० तास लागतात. पाचारणपत्रात 'पूर्णवेळ' किंवा तासांचा आकडा स्पष्ट लिहा. लहान मंडळीत 'तीन-चतुर्थांश वेळ' असं लिहिण्याची पद्धत आहे, आणि मग चिटणीस अर्जावर काय भरायचं या पेचात पडतात. ४० तासांच्या हिशेबाने तीन-चतुर्थांश म्हणजे बरोबर ३०. तसं असेल तर ३० हाच आकडा लिहावा. अर्धवेळ पाळकांना दुसऱ्या पात्र नोकरीचे तास जोडता येतात : मंडळीचे २० आणि धर्मादाय रुग्णालयात चॅप्लन (रुग्णांसाठीचे पाळक) म्हणून १२, असे ३२ चालतात. पण रुग्णालय किंवा हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी संस्था) नफ्यासाठी चालणारं असेल तर ते तास धरले जात नाहीत, आणि अमेरिकेत अशी हॉस्पिसेस पुष्कळ आहेत. दुसरी नोकरी स्वीकारण्यापूर्वीच मालक कोण ते बघा.

तिसरी गोष्ट नोकरीच्या प्रमाणपत्राची. पीएसएलएफचा अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरता येतो. मंडळीचा ईआयएन (मालकाचा कर-ओळख क्रमांक) टाकला की मालक पात्र आहे का ते दिसतं. लहान मंडळ्यांच्या नावापुढे बरेचदा 'अनिश्चित' असं येतं आणि पाळक घाबरून अर्ज सोडून देतात. कारण साधं आहे : चर्चला करमुक्त दर्जासाठी अर्ज करावा लागत नाही आणि दरवर्षीचं माहितीपत्रकही भरावं लागत नाही, म्हणून सरकारी यादीत तिचं नाव नसतं. अशा वेळी संप्रदायाच्या मध्यवर्ती कार्यालयाकडून गट-सवलतीचं (संप्रदायाच्या सगळ्या मंडळ्यांना एकत्र मिळालेल्या करमुक्तीचं) पत्र आणि त्या गटात तुमची मंडळी असल्याचा पुरावा मागवून अर्जासोबत द्या. स्वतंत्र मंडळी असेल तर घटना, स्थापनेचे कागद आणि राज्याकडची नोंदणी. अर्जावरचा ईआयएन डब्ल्यू-२ वरच्या ईआयएनशी जुळलाच पाहिजे. काही ठिकाणी पगार प्रादेशिक संस्थेच्या नावाने निघतो. तिथे सही मंडळीने न करता त्या संस्थेने करायची असते.

सही चिटणीस किंवा खजिनदारांची असावी. पाळकांनी स्वतःच्या अर्जावर मालक म्हणून कधीही सही करू नये. सहीची विनंती ईमेलने येते आणि लहान मंडळीत कार्यालयाचा ईमेल कुणी उघडत नाही. कोण उघडणार ते आधीच ठरवा. आणि हे प्रमाणपत्र दरवर्षी करा, दहा वर्षांनी एकदम नव्हे.

निवासभत्त्याचा ठराव हाही याच कामाचा भाग. तो भत्ता देण्यापूर्वी व्हावा लागतो आणि इतिवृत्तात नोंदवावा लागतो. झाल्यानंतर मागच्या तारखेने केलेला ठराव चालत नाही. डिसेंबरच्या सभेत पुढच्या वर्षाचा आकडा ठरवा, आणि ठरावात 'बदल होईपर्यंत हाच कायम' असं वाक्य घाला, म्हणजे एखाद्या वर्षी सभा हुकली तरी नुकसान होत नाही. करमुक्त किती राहील? ठरवलेली रक्कम, प्रत्यक्ष घरावर झालेला खर्च आणि सामानासकट घराचं वाजवी भाडं अधिक वीज-पाणी, या तिन्हींत जी सर्वांत कमी असेल तेवढी. कर्जाचा हप्ता हा घरखर्च नाही. तो यात घालता येत नाही.

मग मंडळीने जमवलेले पैसे? पीएसएलएफच्या वाटेवर ते आधी पाळकांच्या इतर देण्यांकडे वळावेत : खाजगी शैक्षणिक कर्ज, नाहीतर निवृत्तीच्या ४०३(बी) खात्यात मंडळीचा वाटा. पाळकांनी त्या खात्यात करापूर्वी स्वतःच्या पगारातून टाकलेली रक्कम एजीआय आणखी खाली आणते, म्हणजे हप्ताही खाली. मला विचाराल तर आधी दीड-दोन हजार डॉलरची आपत्कालीन शिल्लक उभी करणं सगळ्यांत मोलाचं. नव्या पाळकाची गाडी बिघडली आणि हातात रोख नसली की खर्च क्रेडिट कार्डावर जातो, आणि ते व्याज शैक्षणिक कर्जाच्या दुपटीहून जास्त असतं.

फेडायचं ठरलं तर : कलम १२७

इथे मंडळीचा पैसा थेट कामाला येतो, आणि तो देण्याची सर्वांत चांगली रीत अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम १२७ मध्ये आहे. मालक कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या शिक्षणाच्या कर्जापोटी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत देऊ शकतो आणि ती रक्कम कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरली जात नाही. मार्च २०२० मध्ये ही सवलत तात्पुरती आली, मग २०२५ अखेरपर्यंत वाढली, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने ती कायमची झाली. २०२६ नंतरच्या वर्षांत मर्यादा महागाईनुसार वाढण्याची तरतूदही आहे. ५,२५० ला बाराने भागलं की महिन्याला ४३७.५० डॉलर. वरच्या उदाहरणातल्या ४८५ च्या हप्त्यापैकी पाळकांना स्वतःला भरायचे राहतात पन्नासच्या आत.

हेच ५,२५० पगारवाढ म्हणून दिले तर? सुमारे ७४० डॉलर स्वयंरोजगार करात, आणि १२ टक्क्यांच्या पट्टीत सुमारे ५८५ आयकरात. कर्जाला पोचतात ३,९०० च्या आसपास. शिवाय वाढलेला पगार एजीआय वाढवतो.

अट एकच मोठी आहे : लेखी योजना. पैसे देण्याआधी ती मंजूर झालेली हवी. दोन पानं पुरतात. योजनेचं नाव, सुरू होण्याची तारीख, कोण पात्र, वार्षिक कमाल, कोणतं कर्ज चालेल, पैसे कर्ज कंपनीला जाणार की हप्ता भरल्याच्या पावतीवर कर्मचाऱ्याला, पुरावा काय, नोकरी सुटली तर काय. 'पाळकाचं नाव' घालून योजना लिहू नका. कर्मचाऱ्यांचा वर्ग लिहा. कार्यालयीन सहायक किंवा ऑर्गनवादक नोकरीवर असतील तर त्यांना योजनेची माहिती लेखी द्या. रोख पगार किंवा ही मदत, असा पर्याय कर्मचाऱ्याला देता येत नाही. पाळकांच्याच पगारातून ५,२५० कापून त्याला कलम १२७ म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे, आणि लहान मंडळ्यांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मदत पाळकांच्या स्वतःच्या कर्जालाच. पत्नीच्या किंवा मुलांच्या कर्जाला नाही. मंडळीने भरलेल्या व्याजाची वजावट पाळकांना पुन्हा करपत्रकात घेता येत नाही. आणि कर्ज कंपनीला जास्तीची रक्कम जाते तेव्हा ती बरेचदा 'पुढचे हप्ते आगाऊ भरले' म्हणून नोंदवून पुढची देय तारीख लांबवते, किंवा रक्कम सगळ्या कर्जांत वाटून टाकते. पाळकांनी लेखी कायमची सूचना द्यावी : जास्तीची रक्कम सर्वाधिक व्याजाच्या कर्जावर लावा आणि देय तारीख पुढे ढकलू नका. पहिल्या दोन महिन्यांचं विवरण उघडून तसं झालं का ते पाहा.

खास अर्पणाबद्दल

प्रेमाने दिलेलं असलं तरी मंडळीने अर्पणात गोळा करून पाळकांना दिलेलं दान हे त्यांच्या सेवेचा मोबदला धरलं जातं आणि डब्ल्यू-२ मध्ये दाखवावं लागतं. एका व्यक्तीच्या नावे राखून दिलेल्या दानावर देणाऱ्यालाही करवजावट मिळत नाही. म्हणजे दोन्हीकडून तोटा. अर्पण घ्यायचंच असेल तर ते मंडळीच्या 'पाळकीय शिक्षण सहाय्य निधी'साठी घ्या, निधीवर पूर्ण ताबा वडीलमंडळाचा ठेवा, आणि त्यातून वरच्या लेखी योजनेप्रमाणे पैसे द्या.

मंडळीने पाळकांना बिनव्याजी कर्ज देऊन जुनं फेडून टाकणं हाही विचार पुढे येतो. तो सोडून द्या. १०,००० डॉलरवरच्या अशा कर्जाला न घेतलेल्या व्याजाचे कर-नियम लागतात, काही राज्यांत धर्मादाय संस्थेने पदाधिकाऱ्याला कर्ज देण्यावर बंदी आहे, आणि पाळक आपल्याच मेंढरांचा देणेकरी झाला की मतभेदाच्या वेळी त्याचं तोंड बांधलं जातं.

एकट्या मंडळीला झेपत नसेल तर

नव्वद सभासदांच्या मंडळीला वर्षाला ५,००० डॉलर जड आहेत. म्हणून प्रेस्बिटरी, डायोसिस किंवा कॉन्फरन्स, म्हणजे संप्रदायाच्या प्रादेशिक संस्थेच्या पातळीवर सामाईक निधी उभारणं शहाणपणाचं. चालेल अशी वाटणी सांगतो : मंडळी १,०००, प्रादेशिक संस्था २,०००, बाहेरचं अनुदान २,०००, एकूण ५,०००, म्हणजे कलम १२७ च्या मर्यादेत. मंडळीचा वाटा महिन्याला सुमारे ८३ डॉलर. तो शून्य ठेवू नका. थोडा का होईना वाटा उचलला की वडीलमंडळ कागदपत्रांकडेही लक्ष देतं. पाच पाळकांचा तीन वर्षांचा गट धरला तर एकूण ७५,००० डॉलर लागतात, त्यातले ६०,००० मंडळ्यांच्या बाहेरून. सगळा पैसा पाळकांची नेमणूक असलेल्या मंडळीमार्फत, तिच्या लेखी योजनेतून जावा.

बाहेरचं अनुदान कुठून? आधी आपल्या संप्रदायाच्या पेन्शन मंडळाला विचारा. प्रेस्बिटेरियन चर्च (यू. एस. ए.) च्या बोर्ड ऑफ पेन्शन्सच्या सहाय्य कार्यक्रमात पाळकांच्या शैक्षणिक कर्जासाठी मदत आहे. इंडियानापोलिसच्या लिली एन्डाउमेंटने २०१३ पासून सेमिनऱ्यांना, आणि पुढे संप्रदायांच्या संस्थांना, पाळकांच्या आर्थिक अडचणींवर काम करण्यासाठी अनुदानं दिली आहेत. ही अनुदानं व्यक्तींना मिळत नाहीत, संस्थांना मिळतात. म्हणून अर्ज पाळकांनी करायचा नाही. आपल्या प्रादेशिक संस्थेला असं अनुदान आहे का ते विचारायचं.

निधीच्या अटी लिहिताना 'तीन वर्षं राहिला नाहीत तर पैसे परत करा' असं लिहू नका. ते नव्याने घातलेलं कर्जच. त्यापेक्षा सेवा झाल्यावर दर महिन्याला किंवा तिमाहीला हप्ता द्या; पाळक गेले की पुढचे हप्ते थांबतात, झालेल्यांचा हिशेब मिटलेला असतो. लहान मंडळीत पाळक जाण्याचं कारण अनेकदा मंडळीचा रिकामा खजिना असतो, आणि त्याची शिक्षा पाळकांना होऊ नये. निधीने पात्रता ठरवताना सभासदसंख्येबरोबर मंडळीचं वार्षिक अंदाजपत्रकही बघावं. रजिस्टरवर दोनशे नावं आणि उपासनेला चाळीस माणसं, अशी मंडळी लहानच आहे. आणि प्रत्येक पाळकाला पहिल्या महिन्यात कोणत्या वाटेने जायचं याचा तास-दीड तासाचा हिशेब जाणकाराकडून करून द्या. निधीतल्या दोन हजारांपेक्षा तो दीड तास कधीकधी जास्त वाचवतो.

पाळकांनी टाळायच्या गोष्टी

केंद्रीय कर्ज खाजगी बँकेत फिरवणं : दर एक-दोन टक्के कमी दिसतो, पण पीएसएलएफ आणि उत्पन्नावरचा हप्ता दोन्ही कायमचे जातात. १ जुलै २०२६ नंतर नवं केंद्रीय कर्ज घेणं किंवा जुनी कर्जं एकत्र करणं : त्याने आयबीआरचा दरवाजा बंद होतो. डॉक्टरेटसाठी एक लहान कर्ज घेतलं तरी हेच घडतं, म्हणून सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. उत्पन्नाचं वार्षिक नूतनीकरण चुकवणं : हप्ता एकदम चढतो. अडचणीत फोन केल्यावर कंपनीने सुचवलेलं 'फोरबेअरन्स' (हप्ते तात्पुरते थांबवण्याची मुभा) घेणं : ते महिने सहसा १२० मध्ये मोजले जात नाहीत आणि व्याज वाढतं. शून्य किंवा दहा डॉलरचा हप्ता मिळत असताना तर त्याची गरजच नसते.

आयबीआरचा शून्य हप्ता आणि आरएपीचा दहा-चाळीसचा हप्ता यांत निवड करता येत असेल तर एक फरक बघा. आरएपीत हप्त्यात न भागलेलं व्याज माफ होतं, शिल्लक फुगत नाही. आयबीआरमध्ये ते साचत जातं. पीएसएलएफ पक्कं असेल तर साचलेलं व्याजही माफच होणार, म्हणून कमी हप्ता घ्या. दहा वर्षं सेवेत राहण्याबद्दल शंका असेल तर आरएपी सुरक्षित. तिच्यातली पीएसएलएफशिवायची माफी तीस वर्षांनी येते, आयबीआरमध्ये वीस किंवा पंचवीस. पण पीएसएलएफबाहेरची अशी माफी २०२६ पासून पुन्हा केंद्रीय करपात्र उत्पन्न आहे.

सर्वांत घातक मोह फॉर्म ४३६१ चा. तो भरला की पाळकीय उत्पन्नावरचा स्वयंरोजगार कर संपतो; वरच्या उदाहरणात वर्षाला ६,७८० डॉलर. कर्जात बुडालेल्या नव्या पाळकाला 'यातून कर्ज फेडा' असं सांगणारे भेटतात. हा फॉर्म फक्त अशा सरकारी विम्याला विवेकाने किंवा धर्मतत्त्वाने विरोध असणाऱ्यांसाठी आहे, आर्थिक कारणासाठी नाही. भरल्यावर पाळकीय सेवेतून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा हक्क मिळत नाही, अपंगत्व आलं तर आधार राहत नाही, आणि तो मागे घेता येत नाही.

शेवटी निरोपाच्या दिवसाचं. पाळक दुसऱ्या पाचारणावर जातात तेव्हा निरोप समारंभाच्या आधी, शेवटच्या कामाच्या तारखेपर्यंतच्या पीएसएलएफ प्रमाणपत्रावर सही करून द्या. सोबत सगळ्या वर्षांचे डब्ल्यू-२, पाचारणपत्र, तासांचा उल्लेख असलेला ठराव आणि निवासभत्त्याच्या ठरावांच्या प्रती एका फाइलमध्ये घालून द्या. तीच फाइल प्रादेशिक कार्यालयातही ठेवा. लहान मंडळ्या कधी बंद होतात, कधी विलीन होतात, आणि मग सही करायला कुणी उरत नाही.